डेव्हलपरच्या डब्यात उजेड नसतो



आपल्या पोरांनी पुन्हा फिल्मचे कॅमेरे हातात घेतले, ही चांगली गोष्ट झाली. कुणी बापाच्या ट्रंकेतला काढला, कुणी चोरबाजारातून आणला, कुणी चार जणांत वर्गणी काढून घेतला. मोबाईल खिशात असताना हा उपद्व्याप कशाला, असं विचारणारे विचारोत. मोबाईल हरवतो, फुटतो आणि त्याच्यासंगं चार वर्षांचे फोटो जातात. नीट फिक्स केलेली, नीट धुतलेली काळीपांढरी निगेटिव्ह शंभर वर्षं टिकते. तिला चार्जर लागत नाही. उजेडासमोर धरली की माणूस दिसतो. ज्यांची कागदपत्रं कुणी जपून ठेवली नाहीत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण या पोरांच्या तोंडी एक मंत्र बसलाय. त्याच्याविरुद्ध मला बोलायचंय. मंत्र असा: "उजेड कमी हाय? मंग पुश कर!"

पुश म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. फिल्मच्या डबीवर वेग लिहिलेला असतो, समजा १२५. सभेत उजेड कमी असतो म्हणून कॅमेऱ्याचं मीटर ५०० वर ठेवायचं. म्हणजे मीटरला खोटं सांगायचं की ही फिल्म चौपट वेगवान आहे. मीटर बिचारं विश्वास ठेवतं आणि फिल्मला लागतो त्याच्या पाव उजेड देतं. मग घरी यायचं, मोरीत अंधार करायचा, फिल्म डेव्हलपरमध्ये दुप्पट वेळ ठेवायची आणि म्हणायचं, झाली भरपाई.

भरपाई होत नाही. हे थोतांड आहे. जो उजेड कॅमेऱ्यात शिरलाच नाही, तो डेव्हलपरच्या डब्यात तयार होत नाही. आणि या थोतांडाची किंमत कोण देतं? फोटो काढणारा देत नाही. ज्याचा फोटो काढला तो देतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजीच्या फोटोवरून सांगतो.

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांची लढाई. त्या रात्री आमच्या वस्तीत सभा झाली. मांडवात चार ट्यूबा, स्टेजवर दोन बल्ब. पुढच्या तीन रांगा सगळ्या बायांच्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. पहिल्या रांगेत मधोमध माझी आजी. जी बाई जन्मभर कुठल्याच सभेत मागं बसली, ती त्या रात्री पुढं येऊन बसली होती.

माझ्याकडं जुना कॅमेरा होता, ५० मिलिमीटरचं एफ/२ भिंग आणि १२५ वेगाची फिल्म. महिनाभर आधी शहरातल्या एका शिबिरात एका नामवंत सरांनी सांगितलं होतं, "घाबरता कशाला? फिल्म आपल्या हातातली आहे. पाचशेवर घ्या आणि दाबून डेव्हलप करा. ग्रेन येईल, पण ग्रेनमध्येच जान असते." मी ऐकलं. मीटर ५०० वर ठेवलं, पुढच्या रांगेवर धरलं, भिंग एफ/४ वर, शटर १/३० वर. कसं म्हणाल तर फोटो कापरा येऊ नये म्हणून. छत्तीस फोटो काढले.

घरी मोरीच्या दाराला गोधडी लावली, घरीच कालवलेल्या डेव्हलपरमध्ये फिल्म सतरा मिनिटं हलवत बसलो. वाळल्यावर बघितली. लुगड्यांच्या जागी छान दाट काळं. चेहऱ्यांच्या जागी रिकामी काच. छापली तर लुगडी पांढरी आली आणि लुगड्यांच्या वर कोळशाचे गोळे. डोळे नाहीत, नाक नाही, कपाळावरचं गोंदण नाही.

आत्यानं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "लुगडं तर आईचंच हाये. पन आई कुठंय रं यात?"

आजी त्याच वर्षी गेली. नामविस्ताराच्या रात्रीचा तिचा तेवढाच फोटो आहे आणि त्यात ती नाही. मी तो हार्ड कागदावर छापला, सॉफ्ट कागदावर छापला, झाकून छापला, जाळून छापला. जे निगेटिव्हमध्ये नाही ते कागदावर कुठून येणार?

आता असं का झालं ते समजून घ्या. कारण "अनुभव वाईट आला" एवढ्यावर थांबणं आपल्याला परवडत नाही. कारण कळलं पाहिजे.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक स्फटिक असतात. एखाद्या स्फटिकावर उजेडाचे पुरेसे कण पडले की त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा एक ठिपका तयार होतो. गर्नी आणि मॉट या दोघांनी १९३८ साली ही उपपत्ती मांडली. हा ठिपका असला तर डेव्हलपर त्या स्फटिकाला ओळखतो आणि सबंध स्फटिकाची काळी चांदी करतो. ठिपका पुरता बनला नसेल तर? तर तो स्फटिक आणि ज्यानं उजेडच बघितला नाही तो स्फटिक, डेव्हलपरला दोन्ही सारखेच. आणखी दहा मिनिटं ठेवलंत तर तो दोघांनाही सरसकट काळं करायला लागतो. त्याला फॉग म्हणतात. फॉगमध्ये चेहरा नसतो.

म्हणजे जास्त वेळ उकळल्यानं वाढतं काय? ज्यांना आधीच भरपूर उजेड मिळालाय ते भाग भराभर दाट होतात. ज्यांना बेताचा मिळालाय ते थोडे वाढतात. ज्यांना मिळालाच नाही ते आहेत तिथंच राहतात. पुश केल्यानं उजेड वाढत नाही, उजेड आणि सावली यांच्यातलं अंतर वाढतं. पांढरं लुगडं आणि सावळा चेहरा यांच्यात मुळात दोनएक स्टॉपचं अंतर असतं. दोन स्टॉप पुश केलंत की ते छापताना आणखी मोठं असल्यासारखं वागायला लागतं. ज्याच्याकडं आहे त्याला आणखी द्यायचं आणि ज्याच्याकडं नाही त्याला तसंच ठेवायचं, हा व्यवहार आपण दुसरीकडं बघितलाय. तो आपल्याच मोरीत, आपल्याच हातानं कशाला चालवायचा?

आणखी एक गोष्ट. फिल्मचा वेग मोजतात तो कुठून मोजतात, ठाऊक आहे? सावलीतून. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं, निगेटिव्हच्या कोऱ्या भागापेक्षा ०.१ एवढी जास्त घनता जिथं उमटते, तो बिंदू धरून वेगाचा आकडा काढतात. कोऱ्यातून पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागतं, ती ही जागा. म्हणजे १२५ या आकड्याचा अर्थच असा आहे की, एवढा उजेड द्याल तर सावलीत काहीतरी उमटेल. तुम्ही ५०० म्हणालात म्हणून ती फिल्म ५०० होत नाही. लांब डेव्हलप करून सावलीत खरीखुरी भर पडते ती फार तर अर्ध्या स्टॉपची. बाकीचा दीड स्टॉप तोंडानं बोलायचा.

आकडे तर असे बदलतात: १९६० साली अमेरिकी मानकात सुरक्षेसाठी धरलेली जादा सूट काढून टाकली आणि काळ्यापांढऱ्या फिल्मांचे आकडे जवळपास दुप्पट झाले. फिल्म तीच, डबीवरचा आकडा वेगळा. आकडा माणसाच्या हातात असतो, उजेड नसतो.

त्यातून तुम्ही कमी वेगाची फिल्म दाबता, हा आणखी मोठा गाढवपणा. कमी वेगाच्या फिल्मचे स्फटिक बारीक असतात. बारीक म्हणूनच फोटो गुळगुळीत येतो. पण स्फटिक जेवढा बारीक तेवढे त्याच्यावर उजेडाचे कण कमी पडतात. ५० वेगाची पॅन एफ प्लस घ्या. तिचा कॉन्ट्रास्ट मुळातच चढा, जरा जास्त वेळ ठेवली की पांढरं डोक्यावर बसतं आणि सावली तळाला जाते. १२५ ची एफपी४ प्लस तिच्या मानानं सोशिक. पण ती बनवणारी कंपनीसुद्धा चांगल्या फोटोची हमी ५० ते २०० एवढ्याच टप्प्यात देते. माल खपवणारा जिथं २०० वर थांबतो, तिथं आमचे मास्तर लोक ५०० आणि ८०० सांगतात!

आता मीटरचा हिशेब. मीटर ज्याच्यावर धराल त्याला ते मधला राखाडी रंग समजतं, शंभरातला साधारण अठरा भाग उजेड परत देणारा. त्याला लुगडं कळत नाही, माणूस कळत नाही. मी ते पांढऱ्या लुगड्यांवर धरलं. मीटर म्हणालं, बापरे केवढा उजेड, आणि दोन स्टॉप कापले. वर ५०० च्या थापेचे दोन स्टॉप मी आधीच कापले होते. एकूण चार स्टॉप, म्हणजे पाहिजे होता त्याच्या सोळावा हिस्सा उजेड आजीच्या चेहऱ्याला मिळाला. दीक्षाभूमीला जा, चैत्यभूमीला जा, आपल्या कुठल्याही वस्तीतल्या कार्यक्रमाला जा. पांढऱ्या कपड्यांची गर्दी आणि तिच्यात सावळे, काळे चेहरे. आपल्या सभांचा उजेड हा असा आहे. मीटर गर्दीवर धराल आणि वर पुश कराल तर दरवेळी कपडे वाचतील आणि माणसं बुडतील.

अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी उजेडाच्या पायऱ्या पाडून झोनची पद्धत बसवली. अॅडम्सच्या तक्त्यात सहाव्या झोनपुढं उन्हातल्या गोऱ्या माणसाची कातडी नमुना म्हणून दिलीय. काळी कातडी पाचव्या झोनमध्ये आहे, राखाडी दगड आणि पावसापाण्यानं विटलेल्या लाकडाच्या रांगेत. नमुना कुणाचा धरला ते बघून घ्या, पण तक्ता फेकून देऊ नका. त्यातून आपल्या कामाचं एक निघतं. पाचवा झोन म्हणजे मीटर जो आकडा सांगतं तोच. तेव्हा मीटर सावळ्या चेहऱ्याजवळ न्या, चेहऱ्यावर धरा आणि येईल तो आकडा जसाच्या तसा घ्या. कपड्यांची काळजी नंतर करता येते. माझ्या आजीचा चेहरा पाचव्या झोनमधला होता. मी चार पायऱ्या ढकलून पहिल्यावर नेऊन टाकला. फिल्मला जात नसते, बाबांनो. मीटर कुणावर धरायचं ते हात ठरवतो.

आता त्या "ग्रेनमधल्या जान"विषयी.

दिवाणखान्यात टांगलेले फोटो तुम्ही बघितलेत. खडबडीत दाणा, काळाठिक्कर चेहरा, त्यात चमकणारे दोन पांढरे डोळे, खाली नाव "वास्तव" नाहीतर "भूक". बघणारे चहाचा कप हातात घेऊन म्हणतात, काय जळजळीत आहे! आमचा सवाल आहे: कुणाचं वास्तव? आमच्या बायांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, गोंदण आहे, देवीचे व्रण आहेत, हसताना दिसणारा तुटका दात आहे. काळ्या रंगात शंभर छटा आहेत. त्या सगळ्या बुडवून एक काळा डाग उरवायचा आणि त्याला धग म्हणायचं, हा कुठला धंदा? हा चेहरा दुःखानं काळा झालेला नाही, याला उजेड कमी मिळालाय. त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो बघा. तिथं कुणी नवरीला दोन स्टॉप पुश करत नाही. तिथं दिवे लावतात, छत्र्या लावतात, नथीतला मोती मोजता येईल असा फोटो काढतात. दाणा आणि अंधार ठेवलाय तो आमच्यासाठी.

त्यांचं राहू द्या. माझा राग आपल्या पोरांवर आहे. त्यांचं सौंदर्यशास्त्र आपण उसनं आणायचं आणि आपल्याच आयांची तोंडं पुसायची, हे चालणार नाही.

कुणी म्हणेल, "दादा, तुमचं समदं बरोबर. पन उजेडच नसंल तर काय करायचं? फोटोच काढायचा न्हाई का?"

रास्त सवाल आहे. उत्तर देतो.

पहिलं, उजेड खरंच नाही का, ते तपासा. त्या रात्री माझं भिंग एफ/४ वर होतं. एफ/२ वर उघडलं असतं तर दोन स्टॉप मिळाले असते. शटर १/३० वर होतं. लोक भाषण ऐकत बसलेत, आजी तर हातावर हनुवटी टेकून बसली होती. कॅमेरा खांबाला टेकवून १/८ वर घेतला असता तर आणखी दोन. दोन आणि दोन चार. जे चार स्टॉप मी बुडवले ते सगळे तिथंच, माझ्या हातात होते. पुशची गरजच नव्हती. मला फक्त घाई होती आणि सरांचा शब्द खरा वाटत होता.

दुसरं, बल्ब फिरवायला सांगा. सभा आपली, मांडव आपला, वायरमन आपला. स्टेजवरचे दोन बल्ब पुढाऱ्यांच्या टकलांवर असतात, त्यातला एक लोकांकडं वळवला तर पुढारी काही मरत नाही.

तिसरं, रात्रीच्या कामाला कमी वेगाची फिल्म नेऊच नका. ४०० ची फिल्म मिळते, एचपी५ प्लस आहे, ट्राय-एक्स आहे. चार पैसे जास्त जातील. गुळगुळीतपणासाठी मंद फिल्म घ्यायची आणि मग ती दाबून खडबडीत करायची, हा कुठला हिशेब?

आणि एवढं करूनही उजेड नसला, समोर लाठी चाललीय, पळापळ आहे, आत्ता नाही तर कधीच नाही, अशी वेळ आली तर खुशाल पुश करा. तिथं माझी हरकत नाही. लाठी कुणाच्या हातात होती आणि कुणाच्या पाठीवर पडली, एवढं दिसलं तरी तो फोटो कामाचा. तेव्हा फेनिडोनवाला डेव्हलपर वापरा, मायक्रोफेनसारखा. तो सावलीत अर्धा स्टॉप खरा देतो. पण मनाशी पक्कं ठेवा की आपण सावली विकून हा फोटो विकत घेतोय. नाइलाजाला नाइलाज म्हणा. त्याची शैली करू नका.

बाकी रोजच्या कामाला उलटी वाट धरा. डार्करूमवाल्यांची जुनी शिकवण आहे की उजेड सावलीकडं बघून द्यावा आणि डेव्हलपरमधला वेळ पांढऱ्याकडं बघून ठरवावा. १२५ ची फिल्म ६४ वर धरा, म्हणजे दुप्पट उजेड द्या आणि डेव्हलपरमध्ये वेळ पाचवा हिस्सा कमी करा. चेहरे भरून येतील, लुगड्याच्या घड्याही दिसतील. दोघांनाही जागा मिळते. कुणाला तरी मारूनच दुसरा वाचतो, असं फिल्ममध्ये नाही.

डेव्हलपर घरी बनवा. डी-७६ चा नुसखा १९२७ पासूनचा आहे आणि कुणाच्या बापाचा नाही. ७५० मिली कोमट पाणी घ्या, पन्नास अंशाच्या आसपास. त्यात चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल २ ग्रॅम. मेटॉल विरघळलं की उरलेलं निर्जल सोडियम सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळायला नखरे करतं. मग हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, मग टाकणखार २ ग्रॅम. गार पाणी घालून एक लिटर करा. हातमोजे घाला, मेटॉलनं कातडी फुटते. तराजू सोनाराचा नको, पण हरभरे मोजायचाही नको.

आणि पाण्याकडं लक्ष ठेवा. तक्त्यातले वेळ २० अंशांचे असतात. या डेव्हलपरमध्ये एफपी४ प्लसला २० अंशांवर साडेआठ मिनिटं, २४ वर साधारण सहा. आपल्याकडं मे महिन्यात नळाचं पाणी तीसच्या वर असतं. तक्ता बघून साडेआठ मिनिटं ठेवलीत तर तुम्ही न कळत पुशच करताय. कितीतरी पोरांचे फोटो असेच करपलेत आणि दोष फिल्मला गेलाय. माठाचं पाणी बादलीत घ्या, डेव्हलपरची बाटली त्यात बुडवून ठेवा, बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. थर्मामीटर घ्या. अंदाज पंचे करू नका. वहीत लिहून ठेवा: फिल्म कुठली, मीटर कशावर धरलं, पाणी किती अंश, वेळ किती. पुढच्या पोराला तुमची चूक तरी कामाला येईल.

मित्रहो, मी अजून फोटो काढतो. सभेत शिरलो की आधी पहिल्या रांगेत जातो. मीटर म्हातारीच्या तोंडाजवळ नेतो. ती विचारते, "काय बघतुयास रं?" मी म्हणतो, "आजी, तुझ्या तोंडावर उजेड किती हाय, ते बघतुय." ती हसते. मग माघारी येतो, कॅमेरा खांबाला टेकवतो आणि तेवढा उजेड देतो, वर थोडा जास्तच.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, "पुश कर, होतंय समदं," तर त्याला विचारा: त्यात चेहरा येईल का? येईल म्हणाला तर निगेटिव्ह दाखव म्हणा. छापलेला कागद नको, निगेटिव्ह. उजेडासमोर धरा आणि चेहऱ्याच्या जागी काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.